मी एकट्याने बनवलेला कपाशीचा गेम



वर्गात मुलांच्या हातून मोबाईल काढून घेणारा मी शिक्षक. आणि गेली दोन वर्षं रात्री जेवण झालं की मीच एक व्हिडिओ गेम बनवत बसतो! तुम्ही हसाल. घरचेही हसले.

डोक्यात किडा शिरला तो 'स्टारड्यू व्हॅली'मुळे. अमेरिकेतल्या एरिक बॅरोनने हा शेतीचा गेम चार वर्षांहून जास्त खपून एकट्याने बनवला. चित्रं, संगीत, कोडिंग सगळं त्याचंच. त्या काळात तो थिएटरात लोकांना जागा दाखवायचं काम करायचा. २०१६ मध्ये गेम आला आणि जगभर गाजला. मला वाटलं, तेवढं नाही जमणार, पण आपल्या बार्शीटाकळीची कोरडवाहू कपाशी तर दाखवता येईल!

मी 'स्क्रॅच' घेतलं. एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठी आणलेलं, फुकट, इंटरनेट नसलं तरी चालणारं. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की झाला प्रोग्राम. (माझा बैल उलटा चालायचा. त्यात एक दिवाळीची सुटी गेली, ते सोडा.) पावसासाठी नियम साधा केला: रोज संगणकाने १ ते १० मधला एक आकडा काढायचा, ७ च्या वर आला की पाऊस.

सातवीतल्या एका मुलाला खेळायला दिला. तो म्हणाला, "सर, पाणी तं दर दोन-तीन दिवसानं पडूनच राह्यलं. असं कुठी असते का? खंड नाई, दुबार पेरणी नाई, बोंडअळी बी नाई."

खरंच होतं. माझ्या पावसाला कालचा दिवस आठवतच नव्हता. मग नियम बदलला: काल पाऊस झाला असेल तर आज ५ च्या वरचा आकडा पुरे, नसेल तर ९ च्या वरचाच हवा. लगेच झड लागू लागली आणि खंडही पडू लागले. २०१७ मध्ये आपण पाहिलेली गुलाबी बोंडअळीही टाकली. बोंड फोडल्याशिवाय ती दिसत नाही.

तो पुन्हा खेळला. दुबार पेरणीत पैसे संपले आणि पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत आलं, 'शेतकरी हरला. खेळ संपला.' तो काही बोलला नाही. उठून गेला. त्याच्या घरी काय घडलं होतं ते मला माहीत होतं. तुम्ही वऱ्हाडात शिकवत असाल तर तुमच्याही वर्गात अशी घरं असतील. तरी ती पाटी लिहिताना माझ्या मनात काहीच आलं नाही!

त्याच रात्री पाटी काढली. आता पैसे संपले तर मजुरीला जाता येतं, शेळी विकता येते, आणि पुढच्या वर्षीचा मृग लागतो.

आठ दिवसांनी तोच मुलगा आपणहून आला. बराच वेळ खेळला. मग म्हणाला, "सर, यात नुसतं मजुरीला गेलं तं जास्त पैसे येते. मंग शेती काहून करायची?"

मजुरीचा आकडा मी अजून बदललेला नाही.