गिअर एकवीस, पण पन्हाळ्याला एकही पुरंना

आजकाल पोरगं दहावी झालं की घरात गिअरची सायकल येते. दुकानात आपण एकच विचारतो, "किती गिअर?" तो सांगतो, "एकवीस." विषय संपला.

खरं विचारायचं असतं ते दात्यांचं. पायडलपाशी ज्या दातेरी चकत्या असतात, त्यातली सगळ्यात लहान किती दात्यांची? आणि मागच्या चाकावरची सगळ्यात मोठी किती दात्यांची? चढाला हीच जोडी कामाला येते. बाकीचे वीस गिअर तिथं नुसते बघे.

माझ्या लेकीच्या सायकलला पुढं २४ आणि मागं २८ होते. २४ भागिले २८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाक ०.८६ फेरा फिरतं. रंकाळ्याला चक्कर मारायला झकास. पण वाघबीळला पन्हाळ्याचा फाटा धरला की पोरगी उतरून सायकल ढकलायची. वर म्हणायची, "पप्पा, माझ्यातच दम नाही."

दम होता ओ. गणित चुकीचं होतं.

दुकानात विचारलं तर, "नवीनच घ्या, पंचवीस हजारापासून आहेत." मग घरीच बसलो. मागचं फ्रीव्हील काढून १४ ते ३४ दात्यांचं घेतलं, सोबत नवी चेन. दोन्ही मिळून पंधराशेच्या आत. आता २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१. चढ जवळपास १८ टक्के हलका झाला.

करणार असाल तर चार गोष्टी बघा. मागचा डिरेलर ३४ दाते झेपणारा आहे का, हे आधी तपासा. जुनी चेन आखूड पडते. तीच ठेवून दोन्हीकडं मोठ्या चकतीवर टाकली तर डिरेलर ओढून मोडतो. डिरेलरवर एच आणि एल असे दोन बारके स्क्रू असतात. त्यातला एल नीट बसला नाही तर भर चढात चेन स्पोकमध्ये जाते. म्हणून मागचं चाक उचलून, हातानं पायडल फिरवून सगळे गिअर टाकून बघा, मगच रस्त्यावर.

चौथी गोष्ट, जुनं फ्रीव्हील. पायडल मारून मारून ते इतकं आवळलेलं असतं की पान्याला दाद देत नाही. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये रिमूव्हर वाइसमध्ये पकडला आणि अख्खं चाकच स्टिअरिंगसारखं उलटं फिरवलं. दोन मिनिटांचं काम. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

लेक आता पन्हाळ्याला तीनदा थांबून का होईना, पण बसूनच चढते.

हे सार्वजनिक भिंतीवर का लिहितोय? तर आपल्याच पार्किंगमध्ये बघा. धूळ खाणाऱ्या सायकली दिसतील, आणि त्यातल्या कित्येकांचे मालक "आपल्याला जमत नाही" म्हणून गप्प बसलेत. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, मोटारगाड्या आल्या. सायकलचं नाव नाही.

बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी साथीदारांना घेऊन याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. आज गल्लोगल्ली लेथ आहेत, शिरोलीला फाउंड्र्या आहेत. अशा गावातल्या पोरांना आपल्या सायकलचे दाते मोजता येऊ नयेत?

मागणी साधी आहे. दुकानदारांनी किमतीच्या पाटीवर गिअरच्या आकड्यासोबत दात्यांचाही आकडा लिहावा. आणि शाळांनी वर्षातला एक शनिवार सायकलला द्यावा. एक पाना, एक चेन तोडायचं हत्यार आणि उद्यमनगरातला एक मिस्त्री, एवढं बास. भागाकार पोरांना येतोच. तो कशासाठी शिकलो, हे त्या दिवशी कळेल.