आंडेर आणि माहेर

यमक म्हणजे कवितेच्या पायांतील घुंगरू. ते काढून ठेवले म्हणून काही तिचे चालणे अडत नाही, असा आमचा तारुण्यात दृढ समज होता. तो मोडला अमळनेरास, आमच्या घरातील जात्यापाशी.

आमच्या आत्याबाई दळताना अहिराणीत ओव्या म्हणत. ज्ञानेश्वरीतील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात व आखूड चौथा मोकळा सुटतो, एवढे शास्त्र आम्ही नुकतेच पढलो होतो. जात्यावरची ओवी ती शिस्त फारशी मानीत नाही. आत्याबाईंच्या एका ओवीत एक चरण 'आंडेर' या शब्दावर संपे, पुढचा 'माहेर' या शब्दावर. आंडेर म्हणजे मुलगी. आम्हांस तो शब्द गावंढळ वाटला. वहीत खोडून आम्ही तेथे 'मुलगी' घातले आणि मोठ्या ऐटीने त्यांस वाचून दाखविले. खुंट्यावरचा हात थांबवून त्या म्हणाल्या, "हाई मनी ओवी नही."

अर्थ तर तोच होता! मग गेले काय? आज आम्हांस वाटते ते असे: 'आंडेर' म्हणताच कान त्याच्या जोडीची वाट पाहू लागतो, आणि 'माहेर' येऊन मिळाले की, जन्मले ते घर लेकीला एके दिवशी माहेर होणार, हे कोणी न सांगता उमगते. मुलीच्या नावातच तिची पाठवणी ऐकू येते. शिवाय दोन्ही शब्दांच्या अखेरचा लांबलेला 'ए' आणि त्यामागचा 'र' जात्याच्या घरघरीत विरून जातो. पाळू फिरत असते तोवर दुःखही फिरत राहते. 'मुलगी' या शब्दापाशी ते चटकन तुटते.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली ती बोलीतच. त्यांच्या शब्दांवर आमच्यासारखा सुधारक बसला नाही, हे मराठीचे भाग्य. त्याच वर्षी अमळनेरास साहित्य संमेलन भरले होते, आणि अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, म्हणजे शब्दांची कुळे शोधणारे पंडित!

२०२४ च्या फेब्रुवारीत संमेलन पुन्हा अमळनेरास आले, तेव्हा आम्ही ती वही काढली. काट मारलेल्या रेघेखाली 'आंडेर' अजून वाचता येते. बाकीचे शब्द मात्र कानांतून कागदावर उतरतानाच आम्ही शुद्ध करून टाकले होते. ते मुळात कसे होते, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही.