लग्नसराईआधीची आवराआवर

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
दिवाळी सरली. तुळशीचं लग्न लागलं की इकडे बिलोली, कुंडलवाडी, सगरोळीची लग्नं सुरू होतील आणि मान वर करायला सवड मिळणार नाही. म्हणून आज फोटोशॉपची आवराआवर काढली. काकांनी स्टुडिओ सुरू केला तेव्हापासूनचे प्लग-इन या मशीनपर्यंत येऊन साचलेत. कुणी सीडीवर दिलेले, कुणी पेन ड्राइव्हवर. फोटोशॉप उघडताना प्लग-इनच्या फोल्डरातली एकेक फाइल तपासत बसतं. फिल्टरचा मेनू उघडला की यादी पार स्क्रीनच्या तळाशी जाते. गिऱ्हाईक शेजारच्या स्टुलावर बसलंय आणि आपण फिल्टर शोधतोय, हे मला सहन होत नाही.
सगळा फोल्डर आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला. मगच हात लावला.

५ नोव्हेंबर
फोल्डर कसेही रचा, मेनू ढिम्म हलत नाही. फिल्टर कोणत्या गटात दिसायचा, हे बनवणाऱ्यानं फाइलच्या आतच लिहिलेलं असतं. आपल्या हातात एवढंच, की काय लोड व्हावं आणि काय नाही. त्याची युक्ती सोपी आहे: फोल्डरच्या नावाआधी ~ हे चिन्ह टाकलं की फोटोशॉप तो फोल्डर ओलांडून पुढे जातं. चिन्ह काढलं, फोटोशॉप बंद करून उघडलं, की फिल्टर हजर.
तेव्हा कंपन्यांच्या नावांचे फोल्डर मोडले आणि कामाप्रमाणे लावले: त्वचा, दाणे, रंग, धार, कृष्णधवल, जुने फोटो. फोटो बघून आधी त्याचं दुखणं कळतं. औषध कुणी बनवलंय ते नंतर.

७ नोव्हेंबर
जुन्यांचा निकाल लावला. काकांच्या काळातले बरेचसे ३२ बिटचे, ते ६४ बिटच्या फोटोशॉपमध्ये चालतच नाहीत. विंडोजवर ६४ बिटचं फोटोशॉप २००८मध्ये सीएस४ बरोबर आलं, तिथून त्यांचा रस्ता संपत गेला. परवाना नसलेले सगळे काढले. त्यांतून व्हायरस येतो आणि ऐन सीझनात अल्बम अडकतो.
पानाचा कोपरा मुडपून दाखवणारा फिल्टर मात्र आठवणीनं बघितला. १९९२मध्ये काई क्राउझ यांच्या पॉवर टूल्सनी अशा करामतींची दारं उघडली, आणि पुढे आमच्याकडच्या अल्बमांतही नवरा-नवरीच्या फोटोचा कोपरा वळायला लागला. लोकांना तेव्हा ते फार आवडायचं.
निक कलेक्शन हा फिल्टरांचा संच ठेवला. मार्च २०१६मध्ये गुगलनं तो फुकट केला होता. ऑक्टोबर २०१७मध्ये डीएक्सओनं विकत घेतला. त्यातला दाणे घालवणारा डीफाइन ‘दाण्यां’त. रात्रीच्या वरातीच्या फोटोंना त्याच्याशिवाय गत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
आजचा दिवस ‘त्वचा’ या एका फोल्डरात गेला. चाचणीला उन्हाळ्यातल्या लग्नातला नवरीच्या आजीचा फोटो घेतला. कपाळावर उभं गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके, गळ्यात बोरमाळ. त्वचा मऊ करणारा प्लग-इन तयार सेटिंगवर चालवला. हनुवटीचे ठिपके गेले, कपाळावरचं गोंदण पुसट झालं, बोरमाळेचे मणी लोण्यासारखे दिसायला लागले.
हे असं होणारच. तो रंगावरून त्वचा ओळखतो आणि तिच्यातलं बारीकसारीक सपाट करतो. मुरूम काय, गोंदण काय, त्याला सारखंच. सोन्याचा रंगही त्वचेच्या जवळचा, म्हणून मणीही त्यातच धरले जातात. पण त्या माउलीनं लहानपणी सुया सोसून घेतलेलं गोंदण आम्ही पुसायचं नाही. अल्बम पुढे नातवंडं बघतील. त्यांच्या आजीचा चेहरा तिचाच असला पाहिजे.
म्हणून नियम केला: हा फिल्टर मूळ फोटोवर चालवायचा नाही. लेयरची प्रत करायची, तिच्यावर फिल्टर, मग मास्क लावून गोंदण, दागिने, कुंकू काळ्या ब्रशनं मोकळं करायचं. नवरीच्या मुरमांना तो चालेल. साठीच्या पुढच्या बायांना नकोच.

१३ नोव्हेंबर
प्रत्येक फोल्डरात एक टेक्स्ट फाइल ठेवली: कोणता फिल्टर कशासाठी, कोणत्या आवृत्तीत चालतो, परवान्याची नोंद कुठे आहे. दुकानातल्या पोराला ~ ची युक्ती दाखवली. तो म्हणाला, “दादा, हे आधी सांगितलं असतं तर आख्खा उन्हाळा सोपा गेला असता.” फोटोशॉप अडकलंच तर शिफ्ट दाबून उघडायचं, म्हणजे बाहेरचे प्लग-इन सोडून देता येतात, हेही सांगितलं.
येसगीची हळद पहिली. ‘रंग’, ‘दाणे’ आणि ‘त्वचा’ चालू ठेवलेत, बाकी बंद.