एकदाचं काहीच नसतं

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. कौलं उतरवून स्लॅब टाकावा, खर्च मी करतो, एकदाचा तुझा त्रास संपेल, असं तू लिहिलं आहेस. ते माझ्याच काळजीपोटी लिहिलंस, हे मला कळतं. म्हणून उत्तराला बसण्याआधी ओटीपासून न्हाणीपर्यंत हिंडून आले आणि त्रास कोणकोणता, ते नीट पाहिलं.

देवघराचं दार मिरगात फुगतं, ते गणपती होईपर्यंत चौकटीत बसत नाही. तू मुंबईला गेलास त्या वर्षी सुताराने त्याला रंधा मारून दिला होता. पावसाळा सुखाचा गेला, पण थंडीत लाकूड आकसलं आणि फटीतल्या वाऱ्याने समई विझायला लागली. शेवटी कडेला पट्टी ठोकून घेतली. आता पावसाचे महिने दार उघडंच असतं आणि ओटीवर बसून समई दिसते.

माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते म्हणून आईच्या आजारपणात आपण सिमेंटचा गिलावा दिला, आठवतं? दोन पावसाळ्यांत त्याला पोपडे आले. जांभा सच्छिद्र दगड. जोत्यातून त्यात पाणी चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू सुकून जातं. ती वाट आपण बुजवली, तेव्हा पाणी भिंतीतच राहिलं. गेल्या वर्षी तो थर छिन्नीने काढून पुन्हा चुना केला. आता ओल श्रावणात दिसते आणि दिवाळीपर्यंत भिंत कोरडी होते. ओल दिसते तेच बरं, दादा. दिसत नव्हती तेव्हा चिऱ्यांमधली माती भुसभुशीत होत चालली होती. या मातीत बांधलेल्या भिंतींवर स्लॅबचं ओझं कसं ठेवायचं?

आणि कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा मी माजघरात खांबाला धरून बसले होते. पाऊस थांबल्यावर वर पाहिलं, तर जिथली कौलं उडाली तिथेच आभाळ होतं. आढं जागेवर, वासे जागेवर. फुटक्या तुकड्यांत एकावर बासेल मिशनचा शिक्का सापडला. मंगळुरात त्यांचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. आपली कौलं फत्तेमारीने हर्णैला उतरली, असं आजोबा सांगायचे. मग मिळतील तशी नवी कौलं आणून एकेक रिपेला अडकवत गेलो आणि छप्पर पुन्हा धरलं. जेवढं मोडलं तेवढंच बदललं.

त्रास नाही, असं मी म्हणणार नाही. यंदा माकडांनी चाळीसेक कौलं फोडली. माळ्यावरचे दोन वासे वाळवीने पोखरलेत. आणि शाकारणीला येतात ते काका आता सत्तरीला आलेत. शिडीवर त्यांचे पाय थरथरतात, ते पाहून माझा जीव वर-खाली होतो. खरी काळजी ही आहे. त्यांच्या हातातलं काम दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नाही, तर घर गळेल ते त्यामुळे.

या घराचं एकदाचं काही होत नाही. दरवर्षी थोडं मोडतं, दरवर्षी थोडं सावरावं लागतं. ते आपल्या ऐपतीतलं असतं आणि गावातल्या माणसांच्या हातांनी होतं. स्लॅब गळायला लागला, तर मी कुठलं कौल सरकवू?

तेव्हा पैसे द्यायचेच असतील, तर दोन वाशांचे दे. आणि वाडीतला एक मुलगा काकांच्या हाताखाली शिकायला तयार आहे, त्याची दोन हंगामांची मजुरी दे. वैशाखात शाकारणी काढणार आहे. चार दिवस रजा घेऊन ये. वर चढलेल्याला खालून कौल देणारा माणूस लागतो. लहानपणी ते काम तुझं होतं.

कळावे,
तुझी धाकटी बहीण