झिजलेलं की घासलेलं?

लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठवड्यात बंगळूरमधल्या मराठी घरांतून मला फोन येऊ लागतात. "आमच्याकडे सासूबाईंचे राणीछाप रुपये आहेत, जरा बघून सांगता का?" मी जातो. चहा होतो, मग डबा येतो, आणि डब्यातून निघालेला रुपया आरशासारखा लखलखत असतो. "कालच चिंच लावून घासले," वहिनी आनंदाने सांगतात. त्यापुढे मला जे सांगावं लागतं, ते इतक्या वर्षांनंतरही माझ्या तोंडून सहज निघत नाही.

नाण्याची प्रत ठरवणं हे माझं काम. नाणं खरं की खोटं, हा त्यातला पहिला प्रश्न. तो सुटला की दुसरा येतो: टांकसाळीतून निघालं तेव्हाचं त्यावर आज किती शिल्लक आहे? एकाच सालच्या, एकाच टांकसाळीच्या दोन रुपयांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो या दुसऱ्या प्रश्नामुळे.

मी हे शिकलो नगरथपेठेत. चिकपेट, अव्हेन्यू रोड आणि नगरथपेठ हा इथला जुना सराफी भाग. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई मंडळी देशभरातल्या सराफ कट्ट्यांवर आहेत, तशी इथेही आहेत. सोनंचांदी गाळून शुद्ध करणं हा त्यांचा धंदा. अशाच एका काकांच्या दुकानात मी संध्याकाळी बँकेतून सुटल्यावर जाऊन बसायचो. मोडीत आलेले जुने रुपये ते पितळी ताटलीत माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बघा पाव्हणं, धा-बारा आल्यात. रातच्याला मुशीत जायच्यात." तेवढ्या वेळात मला निवडायचं असायचं. जे ठेवून घेईन त्याचे चांदीच्या भावाने पैसे द्यायचे, बाकीचे मुशीत. माझी खरी शाळा ती. चुकलो तर एक चांगलं नाणं कायमचं वितळून जाणार, ही भीती डोळ्यांना फार लवकर शिकवते.

काकांची पारख धातूची होती. 1835 पासूनचा कंपनीचा आणि नंतरचा राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. काका फरशीवर टाकून आवाजावरून फरक सांगत. आपल्या बोलीत ही पारख मुरलेली आहे. नाणं खणखणीत असतं, नावाला बट्टा लागतो. बट्टा म्हणजे झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर सराफाने कापलेली रक्कम. मराठी राज्यात खजिन्यात येणारं प्रत्येक नाणं पारखणाऱ्याला पोतदार म्हणत, आणि ते आडनाव आजही घरोघर आहे. पण पोतदार धातू आणि वजन पाहत असे. मला शिकायचं होतं ते पृष्ठभाग वाचायला.

त्यासाठी लागतो एक पिवळ्या प्रकाशाचा दिवा, एक भिंग आणि सवड. ट्यूबलाइट चालत नाही, तिचा पसरट उजेड सगळे दोष झाकतो. नाणं दोन बोटांनी कडेला धरायचं आणि दिव्याखाली हळूहळू फिरवायचं. न वापरलेल्या रुपयावर उजेडाचे आरे उमटतात आणि नाणं फिरेल तसे ते चाकासारखे फिरतात. याचं कारण ठशात आहे. ठसा दाबला जातो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उठतात. तो उजेड त्या रेषांवरून फिरतो. नाणं हातोहात फिरू लागलं की सगळ्यात उंच भाग आधी झिजतो: राणीचा गाल, कपाळावरचे केस, झग्यावरची वेलबुट्टी. तिथे आरे तुटतात आणि राखाडी, मंद ठिपका दिसतो. पण अक्षरांच्या मधल्या खोलगट जागेत बोट पोचत नाही, म्हणून तिथे मूळ तेज पुष्कळ काळ टिकतं. मी नाणं हातात घेतलं की चेहऱ्याआधी अक्षरांच्या मधे पाहतो.

चिंचेने आणि रांगोळीने घासलेल्या रुपयावर नेमकं तिथेच काही उरलेलं नसतं. चेहऱ्यावर चमक असते, पण ती फिरत नाही, एका जागी थिजलेली असते. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसांसारख्या रेघा दिसतात. अक्षरांच्या बुडाशी मात्र काळा मळ अडकलेला असतो, कारण फडकं तिथे पोचलेलं नसतं. झिजलेल्या नाण्याला प्रत देता येते. घासलेलं नाणं प्रतीतूनच बाहेर पडतं.

माझ्या आजीचा 1901 चा रुपया मी दहाव्या वर्षी राखेने घासला होता. आजीला दाखवायला धावत गेलो होतो. तो अजून माझ्याकडे आहे आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी पहिल्यांदा तोच देतो.

आज जगभर 1 ते 70 गुणांची पद्धत चालते. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने ती 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. साठ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की नाणं न वापरलेलं. 1986-87 पासून तिथल्या कंपन्या नाणं तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबीत सीलबंद करू लागल्या. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती कुणा खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून राणीछाप रुपयाची पारख इथे, आपल्याच डोळ्यांनी व्हायला हवी. हे बंधन मला योग्यच वाटतं.

शिवाय ही सत्तर गुणांची मोजपट्टी यंत्राने पाडलेल्या नाण्यांची आहे. मराठी राज्यातल्या तांब्याच्या शिवराईला ती तशीच लावणं हा अन्याय आहे. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, आणि घाव हातोडीचा. त्यामुळे 'छत्र'चा अर्धा भाग पुष्कळदा तुकड्याबाहेरच राहिलेला असतो. नवखा माणूस म्हणतो, झिजली. तसं नसतं. जी अक्षरं तुकड्यावर आली आहेत त्यांच्या कडा पाहा. कडा उभ्या आणि टोकदार असतील, तर शिवराई उत्तम आहे, भले तिच्यावर निम्मीच अक्षरं असोत. टिपूच्या हत्तीछाप पैशांचंही तेच. त्याने आपल्या तांब्याच्या नाण्यांना ग्रहताऱ्यांची नावं दिली होती, पैशाला जोहरा म्हणजे शुक्र. कर्नाटकात ती भरपूर मिळतात. हत्तीची पाठ सपाट दिसली तर आधी ठरवायचं, ती वापराने सपाट झाली की घावच हलका बसला. घाव हलका असेल तर सपाट जागेतही तांब्याची मूळ खरखर दिसते. वापराने झिजलेली जागा गुळगुळीत लागते. हा फरक ओळखायला मला तीन वर्षं लागली, आणि पुस्तकातून तो कळत नाही. शंभर नाणी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी लागतात.

काका आता गावी, विट्याला असतात. ताटलीतून मी उचललेले सत्तेचाळीस रुपये माझ्याकडे आहेत. त्यातला एकही धुतलेला नाही.

वाचकांना माझं मागणं एवढंच. चांदीवर चढलेला काळेपणा हा मळ नव्हे. हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला तो थर आहे, आणि तो काढताना खालची चांदीही निघते. नाणी रबर लावून बांधू नका, रबरातल्या गंधकाने ती डागाळतात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तांब्याची नाणी हिरवी पडतात, त्यापेक्षा साधी कागदी पाकिटं बरी. कुंकू लागलंच तर शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा आणि सुती कापडाने नुसतं टिपा, पुसू नका. आणि यंदा लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू सुपारीला वाहा. रुपया डब्यातून निघेल तसा, काळा असला तर काळाच, चौरंगावर मांडा.