भादवा वदी दशमी

येत्या मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला आमच्या मातोश्रींच्या स्वर्गवासाला नऊ वर्षे पूर्ण होतील. आम्ही भावंडे तिला ‘बाई’ म्हणत असू. पुण्यतिथीला तिच्या नावे पांजरपोळात चाऱ्याची एक गाडी जाते, नगरपालिकेच्या शाळेत मुलांना बुंदी वाटली जाते आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाची जाहिरात येते. वर बाईचे छायाचित्र, खाली आम्हा तिघा भावांची नावे, त्याखाली मुलांची व नातवांची आणि सर्वांत शेवटी पेढीचे नाव. या क्रमात आजवर खंड पडला नाही, याचे मला मोठे समाधान होते.

त्या समाधानाला धक्का दिला तो धाकट्या नातीने. शाळेतून घराची वंशावळ लिहून आणायला सांगितली होती. “आजोबा, पणजीचा जन्मदिवस कोणता?” तिने विचारले. मी तत्काळ उत्तर दिले, “१ जानेवारी १९४०.” आधार कार्डावर तसेच होते. नात म्हणाली, “माझ्या मैत्रिणीच्या पणजीचाही एक जानेवारीच आहे!” तेव्हा मला आठवले. केंद्रावरच्या मुलाने जन्मतारीख विचारली तेव्हा बाई गोंधळली होती, मागे रांग खोळंबली होती आणि मीच म्हणालो होतो, “चाळीस साल धरा.” त्याने १ जानेवारी टाकली. पुढे दर नववर्षाला नातवंडे तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत आणि ती नुसती हसत असे.

ज्या पेढीच्या रोजमेळात पै-पैचा जमाखर्च तिथीवारासह लिहिला जाई, त्या घरात घरधनिणीचा जन्मदिवस कोठेही नोंदलेला नव्हता. दोघा भावांना विचारले. त्यांनाही ठाऊक नव्हते. शेवटी ताईला दूरध्वनी केला. ती क्षणभरही थांबली नाही.

“भादवा वदी दशमी. पर्युषण बसायला तीन दिवस होते, असे नानी सांगायची.”

मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून भाद्रपद वद्य दशमी शोधली. ती पितृपक्षात येत होती. ताईला तसे सांगितले, तर ती म्हणाली, “अरे, नानीचे पंचांग मारवाडचे. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, इथे अमावास्येला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच. पण वद्य पक्षाला तिथे पुढच्या महिन्याचे नाव असते. तुझ्या दिनदर्शिकेत श्रावण वद्य दशमी बघ.”

जन्मदिवस शोधायला निघालेला मी नेमका पितरांच्या पंधरवड्यात जाऊन पोहोचलो होतो! मग ताई सहज म्हणाली, “मी दरवर्षी त्या दिवशी लापशी पाठवत नव्हते का?”

हातातील दूरध्वनी तसाच राहिला. होय, लापशीचा डबा येत असे. श्रावण सरता सरता, एस. टी.च्या वाहकाबरोबर, पेढीच्या पत्त्यावर. आम्ही भाऊ तो दुकानातच उघडून अर्धा संपवत असू आणि उरलेला घरी पाठवत असू. डबा का येतो, हे कोणी कधी विचारले नाही. बाई गेल्यानंतर तो यायचा थांबला. का थांबला, हेही विचारले नाही.

आणखी एक गोष्ट येथे लिहिली नाही तर हा लेख खोटा ठरेल. बाईच्या पश्चात ताईने हक्कसोड पत्रावर मुकाट्याने सही केली. आम्ही तिला उंची साडी देऊन तिची बोळवण केली. त्यानंतर आठ जाहिराती छापून आल्या. त्यांत पाच वर्षांच्या नातवाचे नाव होते, पेढीचे होते. बाईच्या पहिल्या अपत्याचे, ताईचे नाव एकाही जाहिरातीत नव्हते. मजकूर दरवर्षी मीच तपासत होतो.

आपल्या दर्शनात श्राद्धाला, पिंडाला स्थान नाही. देह सुटताच जीव स्वतःच्या कर्मानुसार अवघ्या काही समयांत दुसऱ्या गतीत जातो. आपण दिलेला चारा किंवा बुंदी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्याचे कर्म त्यालाच फळ. मग पुण्यस्मरण कोणासाठी? अर्थात आपल्यासाठी. गेलेल्या माणसाच्या निमित्ताने मागे राहिलेल्यांनी आपले खाते उघडून पाहावे, यासाठी. मी आठ वर्षे केवळ जमेची बाजू वाचत होतो.

तीर्थंकरांच्या बाबतीत आपण च्यवन, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि निर्वाण अशी पाचही कल्याणके स्मरतो. चैत्र शुद्ध त्रयोदशीला भगवान महावीरांचा जन्म आणि दिवाळीच्या अमावास्येला त्यांचे निर्वाण. घरच्या माणसांचा मात्र आपण शेवटचा दिवस तेवढा ध्यानात ठेवतो. स्त्रियांच्या बाबतीत तर पुष्कळदा दुसरा दिवस ठाऊकच नसतो.

यंदा श्रावण वद्य दशमीला मी एस. टी.ने ताईच्या गावी गेलो. संवत्सरीला क्षमापनेचा छापील मजकूर मोबाइलवरून शेकडो जणांना जातो. तसा तिलाही जात असे. या वेळी पर्युषणाआधीच, समोर बसून, हात जोडून ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणालो. कशाबद्दल, तेही एकेक सांगितले. हक्कसोडीचा विषय आता तुझ्या इच्छेप्रमाणे पुन्हा उघडू, असेही म्हणालो. जाहिरातीच्या नव्या मजकुराचा कागद तिच्यापुढे ठेवला. पहिले नाव तिचे होते.

तिने चष्मा लावून कागद सावकाश वाचला. “हक्काचे नंतर बघू,” ती म्हणाली. “नाव मात्र राहू दे.” मग आत गेली. त्या दिवशी तिचे एकासन होते. तिच्या एकासनाच्या वेळेला आम्ही दोघे जेवायला बसलो. पानात लापशी होती. नऊ वर्षांनी ती चव जिभेवर आली आणि मला पुढे बोलवेना.

वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या घरात आजी असेल, आई असेल, तर आजच तिच्याजवळ बसून तिचा जन्मदिवस विचारावा. तारीख आठवत नसेल तर तिथी विचारावी, तिथी आठवत नसेल तर पेरणी होती की पर्युषण, एवढे तरी विचारावे. पंचांग कोणत्या प्रांताचे, तेही विचारून ठेवावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. आमच्या वहीत यंदा लिहिले आहे.