राणीच्या बागेत, मान वर करून!

पेंग्विन बघून झाले? वाघोबाला 'हाय' केलंत? मग आता एकदा राणीच्या बागेत नुसती झाडं बघायला जा. वर्षातून चार वेळा जा. दर खेपेला वेगळीच बाग भेटेल...

शुक्रवार संध्याकाळ. ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नाही. कॉफी मशीनपाशी नेहमीचा प्रश्न, 'वीकेण्डला काय?' लोणावळा म्हणजे एक्स्प्रेस वेवरचा ट्रॅफिक. अलिबाग म्हणजे जेट्टीवरची रांग. मॉल तर काय, रोज लंचनंतर होतोच. अशात आमच्या ग्रुपमधली एक जण म्हणाली, 'राणीच्या बागेत जाऊ या.' सगळे फिस्सकन हसले. 'अगं, हत्ती बघायचं वय आहे का आपलं?'

ती शांतपणे म्हणाली, 'हत्ती नाही. झाडं.'

मुंबईतल्या बहुतेकांसारखाच मीही राणीच्या बागेत पहिल्यांदा गेलो तो आजीचं बोट धरून. पिंजरा, गर्दी, ऊन, पाण्याची बाटली आणि घरी जाताना लागलेली पेंग एवढंच आठवत होतं. झाडं होती की नव्हती, आठवतच नव्हतं. तरी म्हटलं, चला. फुकटात कुणीतरी 'ट्री वॉक' देतंय, वर भायखळ्याला इराण्याकडे ब्रुन मस्का मिळेल. नुकसान काय?

आधी बाग, मग प्राणी

बागेचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणून लोकांच्या तोंडी 'राणीची बाग'. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरची बायको लेडी फ्रिअर हिच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हा इथे वाघ-सिंह काही नव्हते. ही होती शास्त्रशुद्ध वनस्पती उद्यान म्हणून आखलेली बाग. त्याआधी अशीच एक बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि झाडांचा संसार भायखळ्याला आला. प्राणी आले ते पंचवीस-तीस वर्षांनी, बाग वाढवली तेव्हा.

म्हणजे गंमत बघा. इथले मूळ रहिवासी झाडं, आणि प्राणी नंतर आलेले भाडेकरू. पण आपण तिकीट काढून धावतो ते थेट भाडेकरूंकडे!

वॉक घेणाऱ्या ताई साठीच्या पुढच्या. पायात कॅनव्हासचे शूज, हातात छत्री. माइक नाही की लाऊडस्पीकर नाही. आम्ही वीसेक जण. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, 'तुमच्या ऑफिसच्या गेटसमोर कोणतं झाड आहे?'

शांतता. आमच्यात दोन इंजिनीअर, एक सीए, एक जाहिरातवाला. कुणाच्याच गेटसमोर झाड नव्हतं म्हणे! 'असेल,' ताई म्हणाल्या, 'तुम्ही बघितलं नसेल.' आणि चालायला लागल्या.

थंडी : फुलांची जत्रा

मुंबईला थंडी नसते, असं पुणेकर म्हणतात. म्हणू देत. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पूर्वार्धात इथे महापालिकेचं पुष्पप्रदर्शन भरतं. साधारण शुक्रवार ते रविवार, तीन दिवस. आजवर पंचवीसहून जास्त वेळा ते भरलंय. फुलांनी मढवलेल्या मोठ्या आकृत्या, कुंडीतली भाज्या-फळं, बोन्साय, औषधी वनस्पती आणि रोपांचे, खतांचे, बागकामाच्या हत्यारांचे स्टॉल. सेल्फीवाल्यांची झुंबड असते, हे आधीच सांगून ठेवतो. जमलं तर शुक्रवारी सकाळी जा, हाफ डे टाकून. रविवारी दुपारी फुलांपेक्षा डोकीच जास्त दिसतात.

आणि एक फुकटचा सल्ला. स्टॉलवर भुलून चार कुंड्या उचलण्याआधी आपल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ऊन किती तास येतं ते बघून ठेवा. आमच्यातल्या जाहिरातवाल्यानं हौसेनं गुलाब नेला. त्याची खिडकी शेजारच्या टॉवरच्या सावलीत. पुढचं सांगायला नको.

उन्हाळा : उर्वशीचा सीझन

प्रदर्शन संपलं की गर्दी ओसरते आणि खरी मजा सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सीतेचा अशोक फुलतो. खोडाजवळच्या फांद्यांवरही केशरी-लाल गुच्छ. आपण सोसायटीच्या कुंपणाला जो उंच, सरळसोट 'अशोक' लावतो, तो हा नव्हेच! तो आसुपालव. हे ऐकून सीए बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या सोसायटीचं नावच 'अशोकवन'.

मग उर्वशी. मूळची म्यानमारची. लांब दांड्यावरून झुंबरासारखी खाली लोंबणारी लाल फुलं, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत हिची गणना होते. आपण तिच्यापासून लोकलनं काही स्टेशनांवर राहतो आणि तिचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

त्याहून भन्नाट कैलासपती. याची फुलं फांद्यांच्या टोकांना येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या दांड्यांवर येतात. आत पिंडीसारखा भाग, त्यावर नागाच्या फण्यासारखी झालर, म्हणून हे नाव. फळं तोफगोळ्यांसारखी. नाव कैलासाचं असलं तरी माहेर दक्षिण अमेरिका! ताईंनी खाली पडलेलं एक फूल उचलून आमच्या हातात दिलं. वास असा, की पाच मिनिटं कुणी मोबाइल काढला नाही. आमच्या ग्रुपसाठी हा रेकॉर्ड.

एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळाधम्मक होतो आणि तामण जांभळं. तामण म्हणजे आपलं राज्यफूल, हे माहीत होतं का? आम्हालाही नव्हतं.

पावसाळा : रात्रीचं फूल

पावसाळ्यात बागेत चिखल आणि डास दोन्ही असतात. फुल पँट घाला. पण जा. कारण गोरखचिंच.

गोरखचिंच म्हणजे आफ्रिकेचा बाओबाब. वर्षातले बरेच महिने तो निष्पर्ण उभा असतो, जणू कुणी झाड उपटून उलटं रोवलंय. खोडाचा घेर एवढा, की कवेत घ्यायला आमच्यातले पाच-सहा जण लागावेत. पावसाच्या तोंडावर त्याला पानं येतात आणि मोठाली पांढरी फुलं खाली लोंबतात. ही फुलं रात्री उमलतात. परागीभवन करायला येतात वटवाघळं. बागेतल्या उंच झाडांवर दिवसभर उलटी टांगलेली दिसतात ना, तीच ही मंडळी. त्यांच्यासाठी इथे ना पिंजरा, ना तिकीट. म्हणजे आपण नाइट शिफ्टवाले एकटेच नाही!

ऑक्टोबर हीट : गुलमोहराचा मादागास्करी भाऊ

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळी मुंबई घामानं निथळत असते. तेव्हा इथे कोल्विल फुलतो. मूळचा मादागास्करचा. पानं अगदी गुलमोहरासारखी, त्यामुळे एरवी कुणाचं लक्ष जात नाही. पण फुलला की नारिंगी कळ्यांचे द्राक्षांसारखे घड लटकतात. गुलमोहर उन्हाळ्यात, हा पावसाच्या शेवटाला. दोघांच्या वेळा वेगळ्या.

इथेच माझी ट्यूब पेटली. आमच्या ऑफिसात वर्षभर एकच ऋतू, चोवीस डिग्री. बाहेर पाऊस आहे हे कळतं ते लोकल लेट झाली की. उन्हाळा कळतो तो लाइटच्या बिलावरून. राणीच्या बागेत मात्र कॅलेंडर झाडांवर लटकलेलं असतं, आणि ते वाचता येणारी माणसं अजून आहेत.

हत्ती आहे, पण दगडाचा

वारसा म्हणाल तर बागेच्या कुंपणालाच लागून मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय आहे. २ मे १८७२ रोजी उघडलेलं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. त्याच्यासाठी डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी खटपट केली होती. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. मधल्या काळात वास्तूची पार रया गेली होती. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते नव्यानं खुलं झालं. त्या कामाला त्याआधीच, २००५ मध्ये, युनेस्कोचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला होता. आत जुन्या मुंबईच्या माणसांची, त्यांच्या धंद्यांची छोटी मातीची मॉडेल्स आहेत. ती चुकवू नका.

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. विलायतेचं बोर्डिंग हुकलं म्हणून भायखळ्याचा झालेला हा हत्ती.

आणि काळा घोडा? फोर्टातल्या त्या भागाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो मूळ पुतळा, घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, १९६५ पासून इथेच आहे. फोर्टात आज दिसतो तो स्वाराविनाचा घोडा २०१७ मध्ये बसवलेला. काळा घोडा फेस्टिव्हलला दरवर्षी जाणाऱ्यांनो, खुद्द घोड्याला कधी भेटणार?

बाग वाचली कशी?

गोरखचिंचेखाली थांबून ताईंनी एक गोष्ट सांगितली. २००७ मध्ये प्राणिसंग्रहालय 'आंतरराष्ट्रीय दर्जा'चं करायची योजना आली. ४३३ कोटींची. ऐकायला सॉलिड! पण आराखडा नीट बघितल्यावर काही जणींच्या लक्षात आलं, की यात जुन्या बागेचं आणि शेकडो झाडांचं काही खरं नाही. यात बहुतेक महिला. कुणी झाडांची अभ्यासक, कुणी नुसतीच रोज बागेत येणारी. त्यांनी मोर्चे-घोषणांच्या आधी एक साधं काम केलं. झाडं मोजली. तीन हजारांहून जास्त झाडं, २८६ जाती. मग पत्रं, सुनावण्या, माहिती अधिकार, वारसा समितीच्या फेऱ्या. वर्षानुवर्षं. मूळ आराखडा शेवटी मागे पडला. पेंग्विन २०१७ मध्ये लोकांसमोर आले, नवे पिंजरे झाले, अजूनही कामं चालूच असतात. पण बागेचा जुना भाग, ती झाडं, उभी आहेत.

'तुम्ही आंदोलन केलंत?' आमच्यातल्या एकानं विचारलं.

'आम्ही लोकांना झाडं दाखवली,' त्या म्हणाल्या. 'ज्याला झाडाचं नाव माहीत असतं, तो ते तोडताना गप्प बसत नाही. म्हणून तर रविवारी येते.'

म्हणजे आम्ही ज्याला टाइमपास समजत होतो, ते मुळात राखणीचं काम होतं. फुकट का, तेही कळलं.

सोमवारी ऑफिसच्या गेटपाशी टॅक्सीतून उतरलो आणि पहिल्यांदाच मान वर केली. झाड होतं! चांगलं तीन मजली, पसरलेलं. रेन ट्री. चार वर्षं त्याच्या सावलीत मी सिगरेट ओढली, चहा प्यायलो, बॉसला शिव्या घातल्या. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले, मुळांना पाणी जायला बोटभरही जागा नाही. त्याच दिवशी आम्ही चौघांनी अॅडमिनला मेल टाकला, बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढा म्हणून. पहिलं उत्तर आलं, 'नोटेड.' आम्ही दर सोमवारी तोच मेल पुन्हा टाकतोय. कोल्विल फुलायच्या आत ब्लॉक निघाले, तर पार्टी राणीच्या बागेत!

जायचंय?

कसं जाल : मध्य रेल्वेचं भायखळा स्टेशन, पूर्वेकडे बाहेर पडा. चालत दहा मिनिटांच्या आत. स्टेशनकडेही जरा बघा. पहिल्या रेल्वेमार्गावरच्या या जुन्या इमारतीच्या जतनकामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय.

कधी : बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद. बाकी दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जा. तेव्हा ऊन कमी, गर्दी कमी आणि पडलेली फुलं ताजी. रविवारी दुपार टाळा.

काय न्याल : पाणी, टोपी, आरामदायी बूट, वही-पेन. स्वतःच्या गल्लीतल्या झाडाचं एखादं पडलेलं पान खिशात ठेवा. वॉक घेणाऱ्यांना दाखवा, नाव कळेल.

काय करू नका : फुलं तोडू नका, खोडावर नाव कोरू नका. 'राज लव्ह्ज पूजा' तिथे ऑलरेडी कोरलेलं आहे, आणि ताई म्हणाल्या, त्या दोघांचं पुढे काय झालं माहीत नाही, पण झाडावरचा व्रण अजून भरलेला नाही.